बोट देखणी आहे, पण फळी उचलून पाहिलीत का?

मोठी, आधुनिक, शिडाची बोट पहिल्यांदा आतून पाहणारा माणूस आधी गप्प होतो आणि मग फोटो काढायला लागतो. पांढरीशुभ्र गादी, दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा मोठा पलंग, फ्रीज, ओव्हन, दोन बाथरूम, मागे दोन-दोन सुकाणूचाकं आणि बटण दाबलं की समुद्रात उघडणारी पायरी. वन बीएचकेपेक्षा बरी, असं कुणीतरी म्हणतंच. मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले, दुबईत किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले, किंवा चार मित्रांनी मिळून पैसे घालणारे मराठी लोक आता अशा बोटींची चौकशी करतात. 'आता नाही तर कधी' हे वाक्य घरात एकदा उच्चारलं गेलं की पुढच्या गोष्टी फार वेगाने घडतात.

त्या वेगाला थोडा ब्रेक लावण्यासाठी हा लेख. कारण अशा बोटीत माणसाची आयुष्यभराची शिल्लक जाते, आणि नंतर त्याच बोटीत बायको-मुलांना बसवून किनाऱ्यापासून दूर जायचं असतं. घर घेताना भिंतीला ओल असली तर रंगाचा खर्च वाढतो. बोटीचं गणित तसं नाही.

आमच्या कुंभकोणमला समुद्र नाही, पण नागपट्टिणमचा किनारा दीड-दोन तासांवर आहे. २००४ च्या सुनामीत तिथल्या मच्छीमारांच्या होड्या गेल्या आणि त्यानंतर मदत म्हणून फायबरग्लासच्या होड्या मोठ्या संख्येने आल्या. रंग नवा, आकार छान. पण मागणी एकदम वाढली होती, बांधणी घाईत झाली आणि अनेक होड्यांच्या दर्जाबद्दल पुढे प्रश्न उभे राहिले. फायबरग्लासची गंमत हीच आहे. लाकूड कुजलं तर दिसतं, लोखंड गंजलं तर दिसतं. फायबरग्लासवर एकदा चकचकीत थर चढला की आत काय भरलंय ते डोळ्यांना कळत नाही. २० फुटांच्या मासेमारी होडीला जे लागू आहे तेच ५० फुटांच्या आलिशान बोटीलाही लागू आहे.

गोव्यातली म्हादेई

मोठी बोट कशी पारखावी याचं आपल्याकडचं सर्वात चांगलं उदाहरण विकत घेतलेल्या बोटीचं नाही, बांधून घेतलेल्या बोटीचं आहे. २००६ मध्ये भारतीय नौदलाने 'सागर परिक्रमा' हा प्रकल्प हाती घेतला. भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एका भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची, अशी कल्पना. त्यासाठी पुढे आले कमांडर दिलीप दोंदे. बोट बांधायचं काम मिळालं गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्याला. आराखडा नेदरलँड्सच्या व्हॅन द स्टाट या संस्थेचा होता. लांबी ५६ फूट, वजन सुमारे २३ टन, डोलकाठी जवळपास २५ मीटर, म्हणजे साधारण आठ मजली इमारतीएवढी. नाव ठेवलं म्हादेई, मांडवी नदीचं मूळ नाव.

फेब्रुवारी २००९ मध्ये बोट नौदलाकडे आली आणि १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून एकटे निघाले. ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडमधलं लिटलटन, फॉकलंडमधलं पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन अशी चार ठिकाणं घेऊन १९ मे २०१० ला ते परतले. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच बोटीतून कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली.

आपल्या कामाची गोष्ट आहे ती फेब्रुवारी आणि ऑगस्ट यांच्या मधली. बोट हातात आल्यावर दोंदे लगेच जगप्रवासाला निघाले नाहीत. आधी जवळचे, मग लांबचे पल्ले घेतले. मॉरिशसपर्यंत जाऊन, येताना एकट्याने बोट आणून पाहिली. त्याआधी बांधणी चालू असताना ते तिच्या आसपासच होते. म्हणजे कुठला सांधा कुठे आहे, कुठली पाइप कुठल्या फळीखालून जाते, हे त्यांनी बोट बंद होण्याआधी पाहिलेलं होतं. तयार बोट घेणाऱ्याला ही सोय नसते. म्हणून त्याला फळ्या उचलाव्या लागतात.

पाण्याखालचं वजन

शिडाच्या बोटीच्या पोटाखाली एक जड पातं असतं, त्याला कील म्हणतात. शिसं किंवा ओतीव लोखंड. वारा शिडाला ढकलून बोट आडवी करू पाहतो आणि हे वजन तिला परत उभं करतं. बहुतेक आधुनिक बोटींत हे पातं लांब, अरुंद असतं आणि तळाला बोल्टने आवळलेलं असतं. तो सगळा जोर तळात पसरावा म्हणून आतून आडव्या-उभ्या पट्ट्यांची एक जाळी तळाला चिकटवलेली असते. ती जाळी साच्यातून वेगळी तयार करून नंतर चिकटवली की कारखान्याचा वेळ वाचतो, किंमत उतरते. यात लबाडी काही नाही. हजारो बोटी अशाच आहेत आणि नीट चालतात.

पण बोट एकदा जोरात खडकावर आदळली, की पातं मागच्या बाजूने वर ढकललं जातं आणि ती चिकटवलेली जाळी सुटू शकते. बाहेरून ओरखडा. आत मात्र धरून ठेवणारी गोष्टच सैल.

मे २०१४ मध्ये 'चीकी राफिकी' नावाची ४० फुटी बोट कॅरिबियनमधल्या अँटिग्वाहून इंग्लंडला परत जात होती. चार ब्रिटिश खलाशी. अटलांटिकच्या मधोमध आत पाणी येत असल्याचं त्यांनी कळवलं, मग संपर्क तुटला. नंतर बोट उलटी तरंगताना सापडली आणि तिचं कील जागेवर नव्हतं. जीवरक्षक तराफा आतच होता, वापरायला वेळच मिळाला नव्हता. चौघंही गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने २०१५ च्या अहवालात म्हटलं, की पूर्वी अनेकदा तळ टेकणं आणि नंतरच्या दुरुस्त्या यांनी बोटीची रचना कमकुवत झाली असावी, आणि जाळी तळापासून सुटलेली असूनही ते सहज लक्षात येत नाही.

म्हणून मालकाला विचारायचा पहिला प्रश्न 'इंजिन किती तास चाललंय' हा नाही. 'ही बोट कधी तळाला टेकली होती का, आणि त्यानंतर काय केलं' हा आहे. 'कधीच नाही' हे उत्तर आलं तरी विश्वास ठेवून गप्प बसू नका. बोट पाण्याबाहेर काढून लटकवलेली असताना कील आणि तळ यांच्या सांध्यावर बारीक चीर आहे का, पात्याच्या पुढच्या कडेला भरलेला खड्डा आहे का ते बघा. मग आत जाऊन जमिनीच्या सगळ्या फळ्या उचला. सगळ्या. सोफ्याखालच्यासुद्धा. बोल्टभोवती गंजाचे ओघळ, जाळीच्या कडेने केसासारख्या भेगा, एखाद्याच कोपऱ्यात नवाकोरा रंग, असं काही दिसलं की थांबायचं. एकाच कोपऱ्यातला नवा रंग मला तरी गंजापेक्षा जास्त संशयास्पद वाटतो.

तळाशी थोडं पाणी साचलेलं असतंच. त्यात बोट बुडवून चव घ्या. हसू नका, ही जुन्या खलाशांची पद्धत आहे. खारट लागलं तर समुद्र आत येतोय. गोड लागलं तर टाकी गळतेय किंवा पावसाचं पाणी डेकमधून झिरपतंय. आधी वास घ्यायचा, डिझेलचा वास आला तर चव घ्यायची गरज उरत नाही.

किती कलंडली तर परत उठेल?

प्रत्येक बोटीचा एक कोन असतो. तोपर्यंत कलंडली तर ती आपोआप उभी राहते, त्यापुढे गेली तर राहत नाही. समुद्रपार जायच्या बोटीसाठी जाणकार हा कोन ११५-१२० अंशांच्या पुढे मागतात, म्हणजे डोलकाठी पाण्याला टेकल्यावरही बोट परत यायला हवी. हा आकडा बोटीच्या कागदपत्रांत असतो. नसेल तर मागा.

आकडा असणं पुरत नाही, तो कुठल्या स्थितीतला आहे हेही कळलं पाहिजे. १९ ऑगस्ट २०२४ ला सिसिलीच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकून उभी असलेली 'बायेशियन' ही ५६ मीटर लांबीची आलिशान शिडाची नौका पहाटेच्या वादळात काही मिनिटांत बुडाली. २२ पैकी ७ जण दगावले. शिडं गुंडाळलेली होती आणि खाली-वर होणारं मधलं पातं वर घेतलेलं होतं. मे २०२५ मधल्या ब्रिटिश तपासाच्या अंतरिम अहवालानुसार त्या स्थितीत सुमारे ६३ नॉट म्हणजे ताशी ११७ किलोमीटरच्या आसपासचा आडवा वारा तिला उलटवायला पुरेसा होता, आणि ७० अंशांच्या थोडं पुढे गेल्यावर ती सावरणं शक्य नव्हतं. ही माहिती नौकेवरच्या स्थैर्य-पुस्तिकेत नव्हती, त्यामुळे मालकाला किंवा खलाशांना ती असण्याचा प्रश्नच नव्हता.

आपण ५६ मीटरची नौका घेणार नाही, ५६ फुटांची सुद्धा दूरचीच गोष्ट. पण धडा लहान बोटीलाही लागतो. विक्रीच्या पत्रकातला आकडा बहुधा रिकाम्या बोटीचा असतो. नंतर आपण वर काय काय चढवतो? डोलकाठीत गुंडाळणारं शीड, रडार, मागे कमानीवर सौर पॅनेल, रबरी होडी, तिचं इंजिन. प्रत्येक वस्तू उंचावर. प्रत्येक किलोने बोट थोडी कमी हट्टीपणे उभी राहते.

युरोपात १९९८ पासून अशा बोटींना वर्ग देतात. 'ए' वर्ग म्हणजे खुल्या महासागरासाठी. विक्रेता हे प्रमाणपत्र पहिल्या पाच मिनिटांत दाखवतो. ते खरंच असतं आणि असायलाच हवं. पण ते नवीन बोटीच्या आराखड्याला मिळालेलं असतं. दहा वर्षं भाड्याने फिरून आलेल्या, तीनदा वाळूवर टेकलेल्या बोटीला नव्हे.

दोघांत जो थकलेला आहे, त्याच्यासाठी बोट

४० फुटांची बोट सोडून ५६ फुटांची घेतली तर लांबी जेमतेम चाळीस टक्क्यांनी वाढते. वजन मात्र, आकार तोच धरला तर, पावणेतीन पट होतं. कारण लांबीबरोबर रुंदी आणि खोलीही वाढते. शिडावरचा ओढ, नांगराचं वजन, धक्क्याला लागताना थांबवायचा जोर, सगळं त्या प्रमाणात चढतं. विक्रेते म्हणतात, आता सगळं बटणावर आहे, दोघं सहज चालवतील. नवरा-बायको. खरं आहे, बटण चालू असेपर्यंत.

नांगराचंच बघा. ५०-५५ फुटी बोटीला १२ मिलिमीटरची साखळी लागते, तिचं वजन मीटरला सव्वातीन किलोच्या आसपास. २० मीटर पाण्यात साखळी सरळ लटकली तर ६५ किलो, वर ४० किलोचा नांगर. विजेची मोटर बंद पडली तर हे कोण ओढणार? हाताने फिरवायची सोय आहे का, तिचा दांडा बोटीवर आहे का, आणि तो कधी कोणी लावून पाहिलाय का?

मग २३ टनांची म्हादेई एकट्या माणसाने कशी चालवली, असा प्रश्न कोणी विचारेल. बरोबर विचारेल. आकार मोठा असला म्हणून बोट हाताबाहेरची होत नाही. म्हादेई एकट्याच्या प्रदक्षिणेसाठीच बांधून घेतली होती, आणि तो माणूस नौदलाचा पाणबुड्या अधिकारी होता. आपल्या घरातली मोजणी वेगळी लावायची. दोघांपैकी एकाला ताप आहे, रात्रीचे तीन वाजलेत, वारा वाढतोय. अशा वेळी दुसऱ्या व्यक्तीला एकटीने शीड लहान करता येईल का?

चाचणीच्या दिवशी हे करून पाहता येतं. घरात ज्या व्यक्तीला बोटीची सवय कमी आहे, तिच्या हातात बोट द्या. बहुतेक घरांत ती बायको असते, काही घरांत नवरा. बाकी सगळ्यांनी हाताची घडी घालून बसायचं, विक्रेत्यानेही. तिने एकटीने शीड अर्धं गुंडाळावं, पुन्हा उघडावं, बोट वळवावी. पुढच्या भागाला बाजूला ढकलणारं जे छोटं विजेचं पंखं असतं ते बंद ठेवून बोट धक्क्याला लावून पाहावी. ते पंखं नेमकं ज्या दिवशी जोराचा वारा असतो त्या दिवशी फ्यूज उडवतं, ही बोटवाल्यांची कायमची तक्रार.

आणि चाचणीला थोडा वारा असलेला दिवस निवडा, १५-२० नॉट. शांत पाण्यात सगळ्याच बोटी गुणी असतात. सकाळी पोचल्यावर इंजिनावर हात ठेवा. ते गरम असेल तर मालकाने तुम्ही यायच्या आधी ते सुरू करून ठेवलंय, आणि का ठेवलंय ते विचारा.

सुकाणू

मागचा भाग रुंद असलेल्या आधुनिक बोटींना एकाऐवजी दोन सुकाणू असतात, कारण बोट कलली की एक पाण्याबाहेर येतं. पाहायला मस्त, कललेल्या बोटीवर पकडही चांगली. पण ती पाती कीलच्या आडोशाला नसतात, त्यामुळे पाण्यातलं लाकूड, मच्छीमारांचं जाळं थेट त्यांच्यावर येतं. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यांची काय स्थिती असते ते सांगायला नको. (स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर २०२० पासून ओर्का सुकाणू तोडतात, तेवढा त्रास आपल्याला नाही.)

सुकाणू मोडणं ही कथा-कादंबरीतली गोष्ट नाही. म्हादेईची धाकटी बहीण 'तारिणी' घेऊन नौदलाच्या सहा महिला अधिकारी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ अशी पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि त्यांना मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबावं लागलं. नवी बोट, नौदलाची देखभाल, तरीही. म्हणून सुकाणूचं चाक फिरवून मऊ लागतंय म्हणून खूष होऊ नका. खाली मागच्या कप्प्यात शिरून वायर, पुल्या, टोकाचे बोल्ट बघा. दोन माणसांनी पाण्याबाहेरचं पातं धरून हलवून बघा, खडखड होता कामा नये. संकटकाळी चाकाऐवजी लावायचा दांडा मागून घ्या आणि खरोखर बसवून बघा. कितीतरी बोटींत तो बसवायला मागचा पलंग उचकटावा लागतो!

स्वयंपाकघर आणि झोप

बोट बघताना घरातल्या बायका ओट्याजवळ थांबतात आणि पुरुष इंजिनाजवळ, असं म्हणून हसणारे बरेच भेटतात. माझ्या मते ओट्याजवळ थांबणारी व्यक्ती जास्त महत्त्वाचं तपासत असते. दोन दिवस गरम जेवण मिळालं नाही की चालवणाऱ्याचे निर्णय चुकायला लागतात.

शेगडी झोक्यावर टांगलेली हवी, म्हणजे बोट कलली तरी भांडं सरळ राहतं. झोक्याला पुढे-मागे पुरेशी जागा आहे का, की पंधरा अंशांवरच मागच्या फळीला आपटतो? आपला कुकर त्या शेगडीच्या चिमट्यांत बसतो का, हे कुकर घेऊन जाऊन बघा. बोटीवर कुकर म्हणजे वरदान, झाकण लॉक असतं, सांडत नाही. ओटा यू आकाराचा, कंबर टेकवता येईल असा असला तर लाटांतही दोन्ही हात मोकळे राहतात. भिंतीच्या कडेने सरळ रेषेत केलेला लांबलचक ओटा फोटोत सुंदर दिसतो, पण कललेल्या बोटीत त्याच्यासमोर उभी असलेली व्यक्ती घरंगळत समोरच्या सोफ्यावर जाते.

गॅसच्या सिलिंडरची जागा वेगळी, बंद आणि खालच्या बाजूने बोटीबाहेर उघडणारी हवी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर बोटीच्या तळात जाऊन बसतो आणि इंजिनाच्या एका ठिणगीची वाट बघतो. शिवाय युरोपातल्या बोटीचे जोड आपल्या सिलिंडरला बसत नाहीत, ते बदलून घेण्याचा खर्च धरून ठेवा.

झोपायचं म्हणाल तर तो दोन्ही बाजूंनी उतरता येणारा मोठा पलंग फक्त बंदरात उपयोगाचा. बोट कलली की माणूस रात्रभर इकडून तिकडे. प्रवासात लागतो तो अरुंद, मधल्या भागातला, कडेला कापड बांधता येईल असा बाक. असे किमान दोन आहेत का? मधला दिवाणखाना जितका ऐसपैस, तितकं लाटेत आपटायला अंतर जास्त. हात पोचेल तिथे पकडायला दांडा आहे का, ते घरातल्या सर्वात बुटक्या माणसाला चालायला लावून बघा. आजी येणार असतील तर आजींना.

आणि एक रात्र बोटीवर झोपून बघायची परवानगी मागा. टाकीच्या पंपाचा आवाज, कुबट वास, उकाडा, सगळं एका रात्रीत कळतं. बाजूच्या मोठ्या काचा उत्तरेतल्या थंड देशांसाठी असतात. आपल्या मे महिन्यात त्या बोटीची भट्टी करतात.

ती ठेवणार कुठे?

हा प्रश्न खरं तर पहिला यायला हवा, पण बोट आवडल्यावर कोणाला तो आठवत नाही. मुंबईत गेटवेच्या समोर बोटी पाण्यातच बोयाला बांधून ठेवतात आणि पावसाळ्यात बऱ्याच जणांना त्या बाहेर काढाव्या लागतात. कोचीला बोलगट्टीवर मरीना आहे. वीस टनांची बोट उचलून जमिनीवर ठेवणारी यंत्रणा मात्र आपल्या किनाऱ्यावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तुमच्या कीलला आणि वजनाला ती चालते का हे आधी फोन करून विचारावं लागतं.

अडीच मीटर खोल जाणारं कील समुद्रात सुरेख चालतं, पण खाडीच्या तोंडाशी अडतं. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ पावसाळ्यात वाळूचा दांडा तयार होतो. आमच्याकडे तर उंचीचाही प्रश्न आहे. नागपट्टिणमहून पश्चिम किनाऱ्याला जायचं तर जवळची वाट पांबनच्या पुलाखालून. एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला रेल्वेचा नवा पूल मधला भाग वर उचलतो खरा, पण म्हादेईएवढी २५ मीटरची डोलकाठी त्याखालून जात नाही, आणि शेजारचा रस्त्याचा पूल तर जागचा हलत नाही. खालचं पाणीही उथळ. म्हणजे मोठ्या बोटीला अख्ख्या श्रीलंकेचा वळसा. ऑक्टोबर ते डिसेंबर या भागात चक्रीवादळांचा हंगाम, २०१८ चं 'गजा' वेदारण्यमजवळच जमिनीवर आलं होतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आतल्या जलमार्गातही बहुतेक पूल ६५ फुटांचे आहेत, त्यामुळे तिकडच्या मराठी मंडळींनीही डोलकाठीची उंची आधी विचारावी आणि त्यावरच्या अँटेनासकट विचारावी.

ठेवण्याचा, काढण्याचा, रंगाचा, विम्याचा, दुरुस्तीचा मिळून वर्षाला बोटीच्या किमतीच्या दहा टक्के, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. जुनी बोट स्वस्तात मिळाली तर हा हिशेब नव्या बोटीच्या किमतीवर करा, कारण सुटे भाग नव्याच्याच दराने येतात. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा दहा-बारा वर्षांनी बदलाव्या लागतात आणि अनेक विमा कंपन्या तारांचं वय विचारतात. बोटीचं वय अकरा असेल आणि तारा मूळच्याच असतील, तर तो खर्च सौदा करतानाच किमतीतून वजा व्हायला हवा.

जुनी की नवी

जुनी बोट वाईट नसते. १९८५ ते १९८७ मध्ये लष्कराच्या इंजिनिअर्सनी 'तृष्णा'तून पहिली भारतीय पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती बोट ३७ फुटी आणि इंग्लंडमध्ये सेकंडहँड घेतलेली होती. तारिणीतून २ ऑक्टोबर २०२४ ला लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या आणि २९ मे २०२५ ला गोव्यात परतल्या. तेव्हा बोट आठ वर्षांची होती आणि आधीच एक प्रदक्षिणा करून आलेली.

नवी बोट घेणाऱ्यांनाही तपासनीस लागतो. कारखान्यातून आलेल्या बोटीतही सैल क्लिप, उलटी बसवलेली झडप, न आवळलेला नट सापडतो. तपासनीस तुम्ही नेमायचा, तुम्ही पैसे द्यायचे. विक्रेत्याने किंवा दलालाने सुचवलेला नको, मग तो कितीही सज्जन असो. तो लहान हातोडीने तळ ठोकत जातो. टणक आवाज म्हणजे ठीक, भद्द आवाज म्हणजे आतला थर सुटलाय. ओल मोजायचं यंत्र लावतो, इंजिनाच्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. तो काम करत असताना तुम्ही तिथेच थांबा आणि मागे मागे फिरा. लेखी अहवालात तो जपून लिहितो, बोलताना जास्त सांगतो. शेवटी त्याला विचारा, 'तुम्ही स्वतः ही बोट घेऊन घरच्यांबरोबर मॉरिशसला जाल का?' उत्तराआधी तो किती वेळ घेतो तेही लक्षात ठेवा.

इसारा देताना करारात साफ लिहून घ्या, की पाण्याबाहेरची तपासणी आणि समुद्रातली चाचणी तुमच्या मनासारखी झाली नाही तर पैसे परत. बोट परदेशातून आणणार असाल तर आयात शुल्क आणि जीएसटी धरून भारतात पोचेपर्यंतची किंमत कस्टम्सच्या एजंटाकडून आधी काढून घ्या, तो आकडा ऐकून बरेच जण बोट तिकडेच ठेवतात. आणि मालकाकडे बोटीची रोजनिशी मागा. कधी तेल बदललं, कुठे पाणी आलं, कुठला पंप कधी बंद पडला, असं सगळं ज्यात लिहिलेलं आहे अशी तेलाचे डाग पडलेली जाडजूड वही असेल, तर तिथे बसून चहा मागवा आणि पहिल्या पानापासून वाचायला घ्या.